इंदूरचा एका दिवसाचा महाराजा : पॅट्रिक गेडिस आणि गरिबाच्या घराची गोष्ट

इंदूरकरांना आपल्या शहराच्या स्वच्छतेचा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणाच्या यादीत हे शहर वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं. पण शंभर वर्षांपूर्वीचं इंदूर वेगळं होतं. होळकरांचं राज्य, नव्याने उभ्या राहिलेल्या कापडगिरण्या, गिरणीच्या आशेने खेड्यांतून आलेली माणसं, आणि वरचेवर येणारा प्लेग. त्या इंदूरच्या बोळाबोळांतून हातात नकाशा घेऊन एक स्कॉटिश म्हातारा पहाटेपासून फिरायचा. दाढी विस्कटलेली, केस उभे, बोलणं दाढीतल्या दाढीत. लोकांना वाटायचं, हा साहेब आता आपलं घर पाडायला आला.

म्हातारा मात्र घरं पाडायच्या विरोधात होता. आधी राहायला घर द्या, मग जुनी भिंत हलवा, एवढंच तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. एडिंबरोत सांगितलं, डब्लिनमध्ये सांगितलं, नंतर मद्रासपासून लाहोरपर्यंत सांगितलं. त्याचं नाव पॅट्रिक गेडिस. इंदूर, वडोदरा, नागपूर, हैदराबाद, मुंबई या सगळ्या शहरांशी या माणसाचा संबंध आला. तरी आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही.

बँकेतून सुटलेला मुलगा

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावचा. वडील फौजेत होते. घरातलं हे शेंडेफळ. पुढे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर एका लहानशा घरात राहायला आलं. घराला बाग होती आणि बापलेक त्या बागेत राबायचे. शहर कसं असावं याबद्दल गेडिस यांनी पुढे जे काही लिहिलं, त्यात कुठे ना कुठे ही बाग डोकावतेच.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे मुलाने दीडेक वर्ष बँकेत नोकरी केली. ती मानवली नाही. मग लंडनला जाऊन टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. डार्विनच्या बाजूने उभे राहिलेले तेच हक्सली. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचं हेच आयुष्य ठरलेलं होतं. पण १८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले आणि तिथे डोळेच गेले. कायमचे नाही, पण काही आठवडे अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावं लागलं. खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना, विचारांचीही अशीच चौकटींत मांडणी करता येईल हे त्यांना सुचलं, असं सांगतात. डोळे परत आले, पण तासन् तास सूक्ष्मदर्शकाशी बसण्याइतके धड राहिले नाहीत. मग हा माणूस किडामुंगीऐवजी गाव आणि शहर बघायला लागला. फ्रान्समधल्या ल प्ले या विचारवंताकडून त्यांनी एक सोपं सूत्र घेतलं. कुठलीही वस्ती समजून घ्यायची तर स्थळ, काम आणि माणसं या तिन्हींकडे एकत्र बघायचं. एकटं स्थळ बघितलं की नुसता नकाशा हाती येतो, माणसं दिसत नाहीत.

जेम्स कोर्टमधलं बिऱ्हाड

एडिंबरोचं जुनं शहर म्हणजे टेकडीच्या कण्यावर उभ्या असलेल्या दगडी इमारती, सहा-सात मजली, मधून अंधारे बोळ. आपल्या गिरगावातल्या चाळी डोळ्यांसमोर आणा, फक्त दगडाच्या आणि आणखी उंच. अठराव्या शतकात १७६७ नंतर शेजारी नवं शहर वसायला लागलं, तशी पैसेवाली मंडळी तिकडे गेली आणि जुन्या शहरात मजूर, आयरिश स्थलांतरित, विधवा, फेरीवाले राहिले. एकेका मोठ्या घराचे तुकडे पडत पडत एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन. १८६१ च्या नोव्हेंबरात हाय स्ट्रीटवरची अशी एक इमारत मध्यरात्री कोसळली आणि ३५ माणसं गेली. त्यानंतर शहर सुधारणेचा कायदा झाला, रस्ते रुंद झाले, पुष्कळ जुनी घरं पाडली गेली. पाडलेल्या घरांतली माणसं गेली कुठे? शेजारच्याच बोळात. तिथली गर्दी तेवढी वाढली. रस्तारुंदीकरणाच्या लाल खुणा भिंतीवर बघितलेल्या कुठल्याही गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गेडिस तेव्हा एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रात्यक्षिक घेत. १८८६ मध्ये त्यांचं लग्न झालं. पत्नी अ‍ॅना मॉर्टन, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी, संगीत शिकलेली. या दोघांनी लग्नानंतर थोड्याच दिवसांत जे केलं, ते त्या काळच्या प्राध्यापकी वर्तुळात वेडेपणाच ठरलं. चांगल्या वस्तीतलं घर सोडून ते जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या पडक्या चौकात बिऱ्हाड करून राहिले. एके काळी तिथे डेव्हिड ह्यूमसारखा तत्त्वज्ञ राहून गेला होता. आता तिथे उकिरडा होता. थोरली मुलगी नोरा १८८७ मध्ये जन्मली, ती या वस्तीत वाढली.

गेडिस यांनी पहिल्यांदा झाडू आणि चुन्याचा ब्रश हातात घेतला. भिंती सफेद केल्या, चौकातली घाण हलवली, खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. शेजारी आधी हसले, मग बघायला आले, मग ब्रश मागायला आले. १८८५ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या एडिंबरो सोशल युनियनचे कार्यकर्ते याच कामात होते. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी गरिबांची घरं माफक भाड्यात नीट चालवून दाखवली होती. त्याच पद्धतीने युनियन पडायला आलेल्या इमारतींचं व्यवस्थापन हाती घ्यायची, दुरुस्ती करायची, भाडं आवाक्यात ठेवायची. भाडं गोळा करायला जाणाऱ्या बाया नुसत्या पैसे मोजून परत येत नसत. गळकं छप्पर, तुंबलेली मोरी हेही वहीत लिहून आणत.

इथेच गेडिस यांच्या डोक्यात ती गोष्ट पक्की झाली, जिला त्यांनी पुढे जपून केलेल्या शस्त्रक्रियेची उपमा दिली. रोगी अवयव दिसला की हातच कापायचा नसतो. दहा घरांच्या गर्दीत एक अगदी मोडकळीला आलेलं घर काढलं, तिथे मोकळा चौक ठेवला, तर उरलेल्या नऊ घरांना उजेड आणि वारा मिळतो. नऊ कुटुंबं जागची हलत नाहीत आणि दहाव्या कुटुंबाला घर शोधून देणं अवघड नसतं.

पैशाचं मात्र रडगाणंच. गेडिस इमारती घेत सुटले, कर्ज काढत सुटले. हिशेब ठेवण्याचं आणि सावकारांना तोंड देण्याचं काम अ‍ॅनाबाईंकडे. शेवटी १८९६ मध्ये मित्रांनी एक कंपनी काढून त्यांच्या मिळकती ताब्यात घेतल्या, तेव्हा कुठे संसार तगला. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी उभं केलेलं रॅमसे गार्डन हे सुंदर गृहसंकुल प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांसाठी होतं. जुन्या शहरात सुशिक्षितांनी परत यावं, गरीब-श्रीमंत शेजारी राहावेत हा त्यामागचा हेतू. आज तिथली घरं एडिंबरोतल्या महागड्या घरांत मोजली जातात. वस्ती सुधारली की भाव वाढतो आणि भाव वाढला की गरीब बाहेर जातो, या कोड्याला गेडिस यांच्याकडेही पुरतं उत्तर नव्हतं.

१८८८ पासून ते डंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. काम वर्षातले तीनच महिने. उरलेले नऊ महिने शहरांसाठी मोकळे. एवढी सोयीची नोकरी आज कुणाला मिळेल!

डब्लिनची पडझड

१९१३ च्या सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या चर्च स्ट्रीटवर दोन जुन्या इमारती कोसळल्या, सात माणसं मेली. त्याच वेळी शहरात कामगारांची मोठी टाळेबंदी चालू होती. सरकारला घरांची चौकशी करणं भाग पडलं. आकडे बाहेर आले ते भयानक होते. जवळपास २६,००० कुटुंबं जुनाट भाड्याच्या इमारतींत राहत होती आणि त्यांतली २०,००० एका एका खोलीत.

गेडिस यांनी त्याआधी १९११ मध्ये आपलं नगररचनेचं प्रदर्शन डब्लिनला नेलं होतं आणि तिथे घरांसाठी झटणाऱ्या मंडळींशी त्यांचा परिचय होता. चौकशी समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. पुढच्या वर्षी इंग्लंडचे वास्तुविशारद रेमंड अनविन यांच्यासोबत त्यांनी डब्लिन महापालिकेच्या घरबांधणीच्या योजना तपासल्या. मरिनो नावाच्या मोकळ्या जागेवर उंच खोल्याखोल्यांच्या इमारती न बांधता लहान, बागेची जागा असलेली कामगारांची घरं बांधावीत असं दोघांचं म्हणणं पडलं. मग महायुद्ध आलं, ईस्टरचं बंड आलं, स्वातंत्र्ययुद्ध आलं. घरं राहून गेली. पण कल्पना फाईलमध्ये मेली नाही. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९२० च्या दशकात मरिनोची वसाहत उभी राहिली, तेराशेच्या आसपास घरांची. नव्या आयरिश राज्याने बांधलेली ही पहिली मोठी सार्वजनिक वसाहत.

बुडालेलं प्रदर्शन

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडिस यांना भारतात बोलावलं. १९१४ च्या शरदात ते मुलगा अ‍ॅलस्डेअरसह निघाले. प्रदर्शनाचे नकाशे, चित्रं, तक्ते, वीस-तीस वर्षांचा जमाव, क्लॅन ग्रँट नावाच्या दुसऱ्या बोटीने यायचा होता. हिंदी महासागरात एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. (एम्डेनचा धसका आपल्या आजी-पणजींच्या बोलण्यातही होता.) दुसरा कुणी परत फिरला असता. गेडिस यांच्या मित्रांनी विलायतेत धावपळ करून नवं साहित्य गोळा केलं आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलंदेखील.

पुढची दहा वर्षं हा माणूस भारतभर फिरला. मद्रास आणि मुंबई इलाख्यातली शहरं, नागपूर, वडोदरा, लखनौ, बलरामपूर, कपूरथळा, लाहोर, पतियाळा. प्रत्येक ठिकाणी अहवाल. पद्धत सगळीकडे तीच. बंगल्यावर बसून नकाशावर पट्टी ठेवायची नाही. आधी शहर पायाखाली घालायचं. कुठल्या विहिरीवर बायका जमतात, कुठल्या पिंपळाखाली पार आहे, मुलं कुठे खेळतात, कुठलं देऊळ गजबजलेलं आहे आणि कुठलं ओसाड, हे सगळं टिपायचं. सरकारी अभियंते सरळ रस्त्याची रेघ ओढत आणि त्या रेघेत आलेली घरं पाडायचा हिशेब मांडत. गेडिस त्याच वस्तीत फिरून दाखवून द्यायचे की चार पडक्या भिंती आणि दोन ओसाड घरं काढली तर वाट आपोआप मोकळी होते, खर्च कितीतरी पट कमी येतो आणि कुणी बेघर होत नाही. डासांच्या भीतीने तळी आणि विहिरी बुजवायचा तेव्हा सपाटा चालू होता. तोही त्यांना मान्य नव्हता. पाणवठा साफ ठेवा, मासे सोडा, बुजवू नका, हा त्यांचा सल्ला.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत आणि मग इतर शहरांत सुधारणा मंडळं निघाली होती. त्यांचा भर पाडण्यावर. स्वच्छतेच्या नावाखाली गरिबाचं छप्पर काढून घेणं ही सगळ्यात घातक चूक आहे, कारण त्याने रोगराई कमी न होता शेजारच्या वस्तीत दाटते, हे गेडिस यांनी अहवालांमागून अहवालांत लिहिलं. ज्या सरकारच्या पैशाने अहवाल छापला जायचा त्याच सरकारच्या खात्याला हे ऐकवायचं. त्यामुळे साहेब लोकांत ते फारसे लाडके नव्हते.

वडोद्याला सयाजीराव महाराजांच्या राज्यात त्यांनी १९१६ मध्ये शहराच्या वाढीवर अहवाल दिला. पुढे हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी जागा बघण्याच्या कामातही त्यांचा हात होता. पण त्यांचं मन लागलं ते इंदुरात.

इंदूरची दिवाळी

इंदूरला येण्याआधी घरावर आघात झाला होता. १९१७ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅलस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. तारेने बातमी आली तेव्हा अ‍ॅनाबाई तापाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. गेडिस यांनी बातमी सांगितलीच नाही. आजारी आईजवळ बसून तिच्या गेलेल्या मुलाबद्दल काही घडलंच नाही असं बोलत राहायचं, असे कित्येक दिवस त्यांनी काढले. जूनमध्ये कलकत्त्यात अ‍ॅनाबाई गेल्या. मुलगा गेल्याचं त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच काळात ते तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराच्या कामाला लागले. इंदुरात प्लेगचा धाक होता आणि लोकांचा या साहेबावर विश्वास नव्हता. गेडिस यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली. मला एक दिवसाचा महाराजा करा, दिवाळी माझ्या हाती द्या. मागणी मान्य झाली.

शहरात दवंडी फिरली. यंदा दिवाळीची मिरवणूक हिंदूंच्या ठरलेल्या वाटेनेही जाणार नाही आणि मुसलमानांच्या ठरलेल्या वाटेनेही नाही. ज्या गल्लीत जास्तीत जास्त घरं साफ आणि दुरुस्त झालेली असतील त्या गल्लीतून ती जाईल. घरातला, परसातला कचरा रस्त्यावर आणून टाका, दरबारच्या गाड्या तो फुकट उचलतील. झालं! गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. भिंतींना चुना लागला, वर्षानुवर्षांची अडगळ बाहेर पडली, गाड्यांवर गाड्या भरून कचरा गेला. दिवाळीला घर झाडून लख्ख करायचं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. या माणसाने तीच रीत घराच्या उंबऱ्याबाहेर रस्त्यावर आणली.

मिरवणुकीत हत्ती, उंट, घोडेस्वार, शेतीचे आणि हस्तोद्योगांचे चित्ररथ होते. मागून रोगराईचे रथ आले. मोडक्या, अंधाऱ्या घरांचे नमुने, घाणीचा एक अजस्र राक्षस आणि प्लेगचा राक्षसी उंदीर. त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार चालत होते. अंगावर शुभ्र नवे कपडे, डोक्याला नवे फेटे, झाडूला फुलं, गाड्या रंगवलेल्या, बैल सजवलेले. मग इंदूर नगरीची देवता. तिच्या निशाणावर एका बाजूला आजच्या शहराचा नकाशा, दुसऱ्या बाजूला उद्याच्या. तिच्यामागून होणाऱ्या ग्रंथालयांचे, नाट्यगृहांचे नमुने, आणि त्यांच्यामागून सामान्य माणसांच्या नव्या घरांचे नमुने, पुष्कळसे. शेवटी लोकांना तुळशीची रोपं वाटली. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले, दारूकाम झालं. हे सगळं वर्णन मुख्यतः गेडिस यांच्याच तोंडून आलेलं आहे आणि गोष्ट रंगवून सांगण्याची त्यांना हौस होती, हे लक्षात ठेवून वाचावं. तरी मिरवणूक निघाली आणि शहर झाडलं गेलं, यात शंका नाही.

सफाई कामगारांना एक दिवस फेटा मिळाला, दुसऱ्या दिवशी तीच टोपली डोक्यावर आली, असं कुणी म्हणेल. म्हणणं खरं आहे. जातीच्या प्रश्नाला गेडिस यांनी मुळापासून हात घातला नाही. पण त्या काळातल्या किती नगररचनाकारांना शहराच्या मिरवणुकीत झाडूवाल्यांची जागा देवीच्या रथापुढे असावी असं वाटलं?

मिरवणुकीपेक्षा महत्त्वाचा त्यांचा अहवाल. १९१८ मध्ये छापलेला, दोन खंडांचा. त्यात नद्यांचे काठ आहेत, बागा आहेत, विद्यापीठाची कल्पना आहे, गटारांवर राज्य कर्जबाजारी होईल एवढा खर्च करण्यापेक्षा मैलापाण्याचा उपयोग बागाईतीला करा असा हट्ट आहे. आणि गिरणी कामगारांच्या घरांवर बारकाईचा विचार आहे. गेडिस यांना कळत होतं की मजुराला परवडेल अशा भाड्यात पक्कं घर बांधून देणं दरबारालाही झेपणार नाही. मग काय करायचं? त्यांचं उत्तर असं. जमीन द्या. पाण्याची, निचऱ्याची सोय करून, झाड लावून, हक्काचा तुकडा द्या. माणूस आधी मातीच्या भिंती उभारेल, पैसे साठले की विटा लावेल, मुलाचं लग्न ठरलं की एक खोली वाढवेल. आपल्या गावाकडे घरं अशीच तर वाढतात. घरासमोर ओटा हवा, मागे परस हवं, अंगणात तुळस हवी. ही चैन आहे असं ते मानत नव्हते. बाईला दिवसभर ज्या घरात राबायचं आहे त्याची ती कमीत कमी गरज आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

अहवालातलं फार थोडं अमलात आलं. दरबारी राजकारण, पैसा, बदलती माणसं, नेहमीचंच. आणि अहवालही काही सरळसोट नव्हता. गेडिस विषय सोडून कुठल्या कुठे जात, विद्यापीठावर पानंच्या पानं लिहीत. कारभाऱ्याने टेबलावर घेऊन दुसऱ्या दिवशी काम सुरू करावं असं ते पुस्तक नाही.

मुंबईची खोली

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. त्या मुंबईत १९११ च्या शिरगणतीप्रमाणे दोन तृतीयांशांहून जास्त माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार खोलीत पाळीपाळीने झोपायचा. १९२० मध्ये सरकारने विकास खातं काढून ५०,००० खोल्या बांधायचं ठरवलं. काँक्रीटच्या, एकासारख्या एक, मधे लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून दोनशेच्या वर चाळी आणि सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या, तिथे काम थांबलं. त्याच बीडीडी चाळी. सरकारने निदान घरं बांधली हे खरंच. पण गेडिस इंदूरच्या कामगारासाठी जे मागत होते त्याच्या नेमकं उलट हे बांधकाम होतं. अंगण नाही, परस नाही, वाढवायची सोय नाही. पुढे कामगारांनी त्याच बोळांत गणपती बसवले, व्यायामशाळा काढल्या, संसार केले. त्याचं श्रेय कामगारांचं, आराखड्याचं नाही.

शिक्षक म्हणून गेडिस अवघडच असावेत. व्याख्यान अर्धं दाढीत अडकायचं. पण माणूस ओळखायची नजर होती. गोविंद सदाशिव घुर्ये या मालवणकडच्या तरुण संस्कृत पदवीधराला त्यांनी विलायतेला समाजशास्त्र शिकायला पाठवण्याची शिफारस केली. पुढे घुर्ये यांनीच मुंबईतला तो विभाग नावारूपाला आणला.

प्रकृती ढासळली आणि १९२४ मध्ये गेडिस यांनी भारत सोडला. दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए इथे खडकाळ माळ घेऊन तिथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधायला काढलं, म्हणजे पुन्हा कर्ज आणि पुन्हा बाग. मधेच १९२५ मध्ये तेल अवीवचा आराखडा केला. १९३२ च्या सुरुवातीला त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिएत ते वारले. वय ७७.

त्यांचे भारतातले अहवाल दप्तरांत पडून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांतले निवडक भाग पुस्तकरूपाने आले आणि नव्या पिढीच्या हाती लागले. इंग्लंडचे जॉन टर्नर हे वास्तुविशारद तरुणपणीच गेडिस वाचून भारावले होते. पुढे पेरूमध्ये काम करताना त्यांनी लिमाच्या झोपडवस्त्या जवळून बघितल्या. सरकारने जमीन आणि सोयी द्याव्यात, घर लोकांना बांधू द्यावं, ही मांडणी त्यांनी १९७० च्या दशकात जगापुढे ठेवली आणि बऱ्याच देशांनी ती उचलली.

फिरून ती इंदूरलाच आली. १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने अरण्य ही वसाहत उभी केली. आराखडा अहमदाबादच्या बाळकृष्ण दोशी यांचा. साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड, त्यांतले बहुसंख्य सगळ्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. सगळ्यात लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. त्यावर जोतं, संडास, न्हाणी आणि पाण्याचा नळ तयार, बाकी घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. कसं बांधता येईल हे कळावं म्हणून ८० घरं नमुन्यादाखल उभी करून ठेवली होती. १९९५ मध्ये या वसाहतीला आगाखान वास्तुरचना पुरस्कार मिळाला. पुढे काहींनी भूखंड विकले, काहींनी दोन मजले चढवून खालचा भाड्याने दिला, काहींनी ओट्यावर किराणा दुकान टाकलं. एकासारखं एक घर तिथे सहसा सापडत नाही.